जे तो जे

...नाही, मशीनबद्दल माझी काही तक्रार नाही, मशीन बिचारं सांगितलेलं ऐकतं, माझी तक्रार आहे त्या अक्षराबद्दल. तुम्हाला सांगतो, इंग्रजीची सव्वीस अक्षरं, त्यातली पंचवीस निमूट नांदतात, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत, आणि हे एक, आयच्या पाठीला पाठ लावून आलेलं, माशाच्या गळासारखं खाली वाकलेलं... याने माझं घर हलवलं. तुम्ही म्हणाल, अक्षराने कधी घर हलतं का? आता जे तो जे, त्यात काय एवढं? मीही हेच म्हणत होतो. इतक्या वेळा म्हटलं, इतक्या लोकांना म्हटलं, की आता ते आठवलं तरी कानशिलं गरम होतात.

आमचं गोदाम नळाच्या सामानाचं. नळ, तोट्या, पाइप, पाइपांचे कोपरे, आणि हे सगळं ठेवलेल्या उंच उंच रॅकांच्या रांगा, प्रत्येक रॅकला एक अक्षर. रॅक ए, रॅक बी, असं करत करत खिडकीपाशी रॅक जे. आणि रॅक जेमध्ये काय, तर वायसर. रबराचे, फायबरचे, पितळेचे, नखाएवढे, तळहाताएवढे. आता मला सांगा, वायसरशिवाय नळ बसतो का? म्हणजे कुणीही काहीही मागायला आला तरी शेवटी आमच्या माणसाला खिडकीपाशी जावंच लागणार. इतकी वर्षं गेलो की, कधी अडलं नाही, कारण इतक्या वर्षांत त्या अक्षराचं नाव कुणी घेतलंच नव्हतं. 'खिडकीपाशी जा रे' म्हटलं की माणूस खिडकीपाशी जायचा. संपलं.

मग मशीन आलं. कानाला लावायचं, तोंडासमोर छोटी दांडी, कमरेला डबी. कानात एक बाई बोलते, तिच्या सांगण्यावरून माल काढायचा. ती म्हणते, 'रॅक जे, कप्पा चाळीस.' आपण जायचं. कप्प्यावर पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावरचं अक्षर आणि आकडा मोठ्याने वाचायचा, म्हणजे तिची खात्री पटते की हा माणूस योग्य जागी उभा आहे, कुठे कोपऱ्यात डुलक्या काढत नाही. मग ती म्हणते, 'बरोबर. सहा उचला.' आणि नाही पटली तर म्हणते, 'कृपया पुन्हा सांगा.' रागावत नाही हो. हेच वाईट. माणूस रागावला की चार शब्द बोलून मोकळा होतो, आपणही मोकळे होतो. ही दिवसभर त्याच गोड आवाजात, 'कृपया पुन्हा सांगा'... घरी जाऊन झोपलं तरी उशीतून ऐकू येतं.

साहेबांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. साहेब म्हणजे भला माणूस, वाईट बातमीसुद्धा चहा पाजून सांगणारा. म्हणाले, 'पुढच्या पंधरवड्यात प्रत्येकाने खोलीत बसून, एकेक अक्षर वाचून मशीनला आपला आवाज द्यायचा. मग महिनाभर काम बघू. ज्यांचं मशीनशी जुळेल ते इथे. ज्यांचं नाही जुळणार त्यांना काढणार वगैरे नाही, घाबरू नका, त्यांच्यासाठी आपलं दुसरं गोदाम आहे, तिकडे अजून हातानेच चालतं.' दुसरं गोदाम कुठे, तर गाडीने अर्ध्या दिवसावर. सगळ्यांनी चहाचे कप खाली ठेवले. मी म्हटलं, 'घाबरताय काय? अक्षरं वाचायची आहेत, पुराण सांगायचं नाही.' मागून आमच्या व्याह्यांनी पुटपुटत विचारलं, 'व्याही, ते खिडकीपाशी आहे ते अक्षर... तेही वाचावं लागेल?' मी म्हटलं, 'अहो व्याहीबुवा, जे तो जे. त्यात काय एवढं?'

व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. त्यांची बायको पूर्वीच गेलेली, मुलगी लग्न होऊन आमच्याकडे आली, हे एकटे पडले. मग मीच साहेबांकडे शब्द टाकून त्यांना आमच्या गोदामात लावून घेतलं. राहतात आमच्याच गल्लीत एका खोलीत, जेवायला आमच्याकडे, माणूस लाखातला. मूळ भाषा त्यांची स्पॅनिश, पण मुलीचं लग्न ठरल्यापासून आपली बोलायला शिकले आणि बोलतात अगदी तुमच्याआमच्यासारखं. फक्त एक अडचण. स्पॅनिशमध्ये हे अक्षर कसं म्हणतात ठाऊक आहे? ख. साधा ख नाही, घशात काटा अडकलाय आणि तो पाहुण्यांसमोर काढायचाय, तसा ख. अक्षराचं नावसुद्धा त्यांच्यात खोता. ते पट्टी वाचायला लागले की मशीनमधली बाई थांबणार, तिला वाटणार याला खोकला झालाय, होऊ दे बरा, मग विचारू.

त्या दिवशी संध्याकाळी घरी हे सगळं सांगितलं. सूनबाईला तेव्हा सातवा महिना. ती शांतपणे शेंगा सोलत होती, सोलता सोलता म्हणाली, 'बाबा तिकडे गेले तर बाळंतपणाला मी तिकडे जाणार. त्यांना एकटं नाही ठेवायचं मला.' झालं. आमच्या हिने मला आत बोलावलं, दार लोटलं आणि म्हणाली, 'ऐकलंत? सून गेली की मुलगा तिच्यामागे जाणार. मुलगा गेला की नातवंड तिकडेच वाढणार. तिकडची शाळा, तिकडची मित्रमंडळी, आपण फोटो बघायचे. सगळं तुमच्या त्या एका अक्षरावर आलंय.' मी म्हटलं, 'माझं कसं? मी थोडंच शोधलंय?' तर म्हणाली, 'तुम्ही त्यांना गोदामात घातलंत, तुम्हीच त्यांचं तोंड वळवा.'

वळवायला घेतलं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, एकदा हातात घेतलं की मी घाई करत नाही. रोज रात्रीच्या जेवणाआधी टेबलाशी बसायचो. कागदावर मोठं जे काढायचं, समोर उभं करायचं.

'म्हणा, जे.'

'खे.'

'जे.'

'खे.'

'अहो घशातून नको, पुढून. जीभ कुठे आहे तुमची?'

'तोंडात.'

'तोंडात कुठे?'

'व्याही, असं विचारलंत की ती हलते.'

तेवढ्यात आमची ही आतून ओरडायची, 'आधी जेवू द्या हो त्यांना.' आणि व्याही म्हणायचे, 'जेवतो, जेवतो विहीणबाई, जेवण झकास झालंय, जरा भाजी जास्त वाढा.' आता बघा. जेवतो, जेवण, जरा, जास्त. सगळे ज जागच्या जागी. आणि कागद समोर धरला की... खे. मी विचारलं, 'हे काय गौडबंगाल आहे?' तर म्हणाले, 'बोलताना कसं आहे, शब्द कानातून आलेत, तसेच बाहेर जातात. हे अक्षर डोळ्यांतून येतं. दिसलं की घसा आपोआप पुढे सरकतो. लहानपणी मास्तरांनी बसवलाय, तो काय आता उठतोय?' मला तेव्हाच उमगायला हवं होतं. पण मी शिकवत होतो ना. शिकवणाऱ्याला काही उमगतं का कधी?

हळूहळू बातमी गोदामात पसरली की काका जे शिकवतात. काका म्हणजे मी. मग दुपारच्या सुट्टीत आणखी दोघे यायला लागले. एक पैलवान. हा अंगाने रॅकएवढा, भाषा जर्मन, आणि त्यांच्यात हेच अक्षर म्हणजे य. मऊ, लुसलुशीत य. एवढा मोठा देह त्या रॅकसमोर उभा राहून म्हणणार 'योट', जसं काही मांजराला बोलावतोय. दुसरा गुणगुण्या, सतत तोंडात काहीतरी गुणगुणत असतो म्हणून गुणगुण्या. त्याची भाषा फ्रेंच. त्यांच्यात हा ज नाही, झ नाही, श नाही, तिघांच्या मधून वाफ सोडायची... झ्झी. तेही चाललं असतं हो, पण त्यांच्यात जी या अक्षराला म्हणतात झे, आणि जेला म्हणतात झी. म्हणजे आपलं जी ते त्यांचं जे, आपलं जे ते त्यांचं जी, बरोब्बर उलटं. मी म्हटलं, 'अरे, मग तू इतकी वर्षं काम कसं केलंस?' म्हणाला, 'काका, कुणी जी म्हटलं की मी जेकडे चालायला लागायचो, मग आठवायचं आणि वळायचो. पायांना सवय झालीय.' बघा म्हणजे. एक अक्षर, चार माणसं, आणि चौघेही आपापल्या घरी बरोबर. पण मी काय म्हणालो? 'ते काही नाही. जे तो जे, त्यात काय एवढं? सगळे एकसारखं म्हणा.'

आणि शिकले हो. मी एक रीत बसवली. उजव्या हाताने हनुवटी धरायची, म्हणजे जबडा इकडेतिकडे पळत नाही. डोळे मिटायचे, म्हणजे ते अक्षर दिसत नाही. जीभ टाळूला, एक श्वास, आणि... जे. पहिल्यांदा व्याह्यांच्या तोंडून तो बाहेर पडला ना, तेव्हा सूनबाई उठून उभी राहिली. आमच्या हिने गॅस बंद केला. व्याह्यांनी स्वतः डोळे उघडून इकडेतिकडे पाहिलं, की कोण बोललं. आवाज द्यायच्या दिवशी तिघेही ओळीने खोलीत गेले, हनुवटी धरून, डोळे मिटून, असे खणखणीत जे देऊन आले की साहेब म्हणाले, 'काका, तुम्ही कमाल केलीत.' मी म्हटलं, 'छे हो, जे तो जे...' जाऊ द्या, पुढचं तुम्हाला पाठ झालंय.

आता मधेच एक गोष्ट घडली ती सांगतो, कारण पुढे तीच मला भोवली. एका संध्याकाळी गोदामातून परत येताना मी सहज म्हटलं, 'चला व्याहीबुवा, जेवायला जाऊ.' ते चार पावलं चालले आणि म्हणाले, 'व्याही, तुमचे हे दोन ज वेगळे का?'

'कुठले दोन?'

'जेवायलातला आणि जाऊतला. एकाला जीभ टाळूला लागते, दुसऱ्याला दातांकडे जाते.'

मी म्हटलं, 'भलतंच काय. ज तो ज.' आणि म्हणून पाहिला. जेवायला. जाऊ. जीव. जागा. जेव्हा. जोडा. रस्त्यात थांबलो हो. वेगळे होते. हिला घरी जाऊन विचारलं, तिने पोळी लाटता लाटता म्हणून पाहिलं, लाटणं थांबलं. वेगळे.

व्याही म्हणाले, 'लिहिताना काही खूण करता का? टिंब वगैरे?'

'नाही. दोन्ही सारखेच लिहितो.'

'मग वाचताना कसं कळतं, कुठला कुठे?'

'कळतं.'

'पण कसं?'

'अहो, कळतं म्हणजे कळतं.'

नुसते हसले, व्याही हसतात तसे. पण तुम्हाला सांगतो, त्या रात्रीपासून माझं तोंड माझं राहिलं नाही. ज आला की मनात पाल चुकचुकायची, हा टाळूचा की दातांचा? 'जरा' म्हणायला जावं आणि मधेच थांबावं, जिना उतरताना कुठला पाय पुढे टाकायचा याचा विचार करावा तसं. मी कुणाला बोललो नाही. कोणाला सांगणार, की आयुष्यभर बोललेली भाषा आता मला अडखळवते म्हणून?

महिना सुरू झाला. आणि पहिल्याच दिवशी खिडकीपाशी जे झालं ते... काय सांगू. व्याह्यांच्या दोन्ही हातांत खोकी, हनुवटी धरणार कशाने? डोळे मिटले तर पट्टी वाचणार कशी? पट्टी पाहिली, घसा सरकला, 'खे, चाळीस.' 'कृपया पुन्हा सांगा.' 'खे, चाळीस.' 'कृपया पुन्हा सांगा.' त्यांच्यामागे पैलवान, खांद्यावर पाइपांची मोळी, 'ये...' 'कृपया पुन्हा सांगा.' त्याच्यामागे गुणगुण्या, 'झ्झी...' रॅक जेपुढे ही एवढी रांग, जणू तिकीटखिडकी. बाहेर शटरपाशी नळवाले खोळंबलेले. एक नळवाला वाकून आत बघत म्हणाला, 'काय हो, वायसर देताय का गाणं बसवताय?' आणि मी एकेकाच्या मागे धावत होतो, एका हाताने व्याह्यांची हनुवटी धरायची, दुसऱ्याने त्यांचे डोळे झाकायचे, पट्टी मी वाचून कानात सांगायची. असं किती दिवस चालणार? सूनबाई रोज संध्याकाळी विचारायची, 'बाबा, आज किती वेळा पुन्हा सांगा म्हणाली?' आणि व्याही म्हणायचे, 'आज बरं होतं.' मग ती खालमानेने आपले कपडे बॅगेत नीट लावायला लागली. एका बाजूला तिचे, एका बाजूला त्या येणाऱ्या जिवाचे, एवढेएवढे. आमची ही त्या बॅगेकडे बघायची आणि मग माझ्याकडे.

शेवटी साहेबांनी मशीन बसवणाऱ्या कंपनीतली बाई बोलावली. आली, रॅक जेपाशी उभी राहिली, थोडा वेळ ही सगळी कसरत पाहिली. मग म्हणाली, 'आवाज दिलात तेव्हा असंच बोलला होतात का?'

व्याही म्हणाले, 'छे, तेव्हा शुद्ध बोललो होतो.'

'शुद्ध म्हणजे?'

तिघांनी हनुवट्या धरल्या, डोळे मिटले आणि एका सुरात म्हणाले, 'जे.'

ती बाई जवळच्या खोक्यावर बसली. म्हणाली, 'अहो, मशीनला भाषा कळत नाही. शुद्ध, अशुद्ध, स्पॅनिश, फ्रेंच, काही नाही. त्याला एवढंच कळतं, की त्या दिवशी जो आवाज काढलात तोच आज काढताय का. तुम्ही जेच्या जागी भोपळा म्हणा, त्याची ना नाही. फक्त रोज भोपळा म्हणा. यांना शुद्ध बोलायला कुणी सांगितलं?'

साहेब पंख्याकडे बघायला लागले. बाकी सगळे माझ्याकडे.

म्हणजे बघा, लोकांनी जसं आहे तसं बोलायचं होतं, आणि मी त्यांना नटवून पाठवलं होतं. फोटो काढताना उसना कोट घालावा आणि मग रोज दारावरच्या रखवालदाराने म्हणावं, फोटोतला माणूस तुम्ही नव्हेच... तसं झालं. असो. ती म्हणाली, 'बसा एकेकजण, परत आवाज घेते. एकच अक्षर, तीनदा म्हणायचं, तिन्ही वेळा सारखं.' पैलवान बसला. 'ये, ये, ये.' झालं. गुणगुण्या बसला, जी आणि जे दोन्ही आपल्या पद्धतीने उलटे देऊन उठला, गुणगुणत. मग व्याही बसले.

आणि इथे खरी पंचाईत. पडद्यावर अक्षर आलं, व्याही म्हणाले, 'खे.' मग त्यांना माझी शिकवणी आठवली, हात हनुवटीकडे गेला, 'जे.' तिसऱ्यांदा जो निघाला तो जगातल्या कुठल्या भाषेत आहे मला माहीत नाही. 'आवाज जुळत नाहीत. कृपया पुन्हा सांगा.' परत केलं. परत तीन वेगळे. त्यांचा जुना ख मी मोडला होता आणि नवा जे अजून बसला नव्हता, माणूस दोन्हीकडून बेघर. मी मागून म्हणतोय, 'घशातून म्हणा, व्याहीबुवा, आधीसारखं म्हणा.' ते म्हणतात, 'आधी कसं म्हणत होतो?' आता हे मी त्यांना कसं सांगू? मी ख म्हणून दाखवायला लागलो. मी, ख. पैलवान तोंड फिरवून उभा राहिला. ती बाई घड्याळ बघायला लागली, म्हणाली, 'काका, शेवटचं करू, मला पुढच्या ठिकाणी जायचंय. नाही जमलं तर यांचं नाव तिकडच्या गोदामात टाकावं लागेल.'

मशीन म्हणालं, 'अक्षर जे. सांगा.'

व्याह्यांनी हनुवटीवरचा हात काढला. पडद्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे वळले. इतका थकलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. आणि म्हणाले, 'जाऊ दे.'

'कृपया पुन्हा सांगा.'

'जाऊ दे,' व्याही मला म्हणाले.

'कृपया पुन्हा सांगा.'

'जाऊ दे.'

'धन्यवाद. अक्षर जे पूर्ण.'

ती बाई पडद्याकडे वाकली, मग आमच्याकडे बघितलं. 'तिन्ही वेळा तंतोतंत एक,' ती म्हणाली, 'असं तर कुणाचंच आलं नव्हतं. ठेवू का हेच? का पुसू?' आम्ही सगळे एकदम म्हणालो, 'पुसू नका.'

मग ती माझ्याकडे वळली. 'काका, तुमचाही परत घेऊ का?' आणि मी काय म्हणालो असेन, सांगा बरं? म्हटलं, 'माझा कशाला? माझा मुळात बरोबर आहे. जे तो जे, त्यात काय एवढं?'

तेव्हापासून व्याह्यांचं काम बघत राहावं असं. पट्टीकडे नजर टाकायची, 'जाऊ दे, चाळीस.' 'बरोबर. सहा उचला.' 'जाऊ दे, बारा.' 'बरोबर. दोन उचला.' लांबून बघणाऱ्याला वाटावं या माणसाने संसारातून लक्ष काढलंय, आणि हा गोदामात सगळ्यात भरभर काम करतोय. नळवाले खूश. साहेब खूश. सूनबाईने बॅग उघडली आणि कपडे परत कपाटात लावले.

आणि मी? मी पट्टीसमोर उभा. कानात बाई म्हणते, 'रॅक जे, कप्पा चाळीस.' मी पट्टी बघतो. तोंड उघडतो. आणि तोंडात गर्दी. टाळूचा ज, दातांचा ज, व्याह्यांचा ख, पैलवानाचा य, गुणगुण्याची वाफ... सगळ्यांना मी म्हणून दाखवलेलं ना, सगळे आत मुक्कामाला राहिलेले. दारात चार माणसं एकदम आली की कुणीच आत शिरत नाही, तसं. शेवटी जो पुढे ढकलला जाईल तो बाहेर. 'कृपया पुन्हा सांगा.' दुसराच बाहेर. 'कृपया पुन्हा सांगा.' पैलवान जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. त्याचं मला जास्त लागायचं.

महिना संपला. साहेबांनी चहा मागवला, तेव्हाच ओळखलं. म्हणाले, 'काका, बाकी सगळे बसले. तुमचंच कसं हो? तुम्ही तर शिकवत होतात.' मी म्हटलं, 'तेच तर.' ते म्हणाले, 'ती बाई तीन महिन्यांनी परत येणार आहे. तेव्हा आवाज द्या, एकसारखा आला की लगेच बोलावून घेतो. तोवर तिकडे...' मी चहा संपवला. चांगला होता.

घरी आलो. हिला म्हटलं, 'निकाल लागला.'

'व्याही राहतायत ना?'

'राहतायत.'

'म्हणजे सूनबाई इथेच. मुलगा इथेच.' तिने डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, 'माझ्या जिवात जीव आला.' मग बराच वेळ इकडचं तिकडे केलं, डबे पुसले, आणि मग थांबून म्हणाली, 'आणि तुम्ही?'

तर असा मी इकडे. टायरच्या दुकानावर खोली आहे, हवेशीर आहे, खालून रबराचा वास येतो, त्यामुळे वायसरची आठवण येत राहते. काम हाताने. त्रास काही नाही. मधे नात झाली. सगळं सुखरूप. फोनवर सगळेजण एकदम बोलले, मला काही कळलं नाही, पण छान वाटलं. तुम्ही म्हणाल, काका, त्यात काय, तुम्हीही त्या बाईला 'जाऊ दे' म्हणा, नाहीतर भोपळा म्हणा आणि या परत. करून पाहिलं हो. 'जाऊ दे' म्हणायला गेलो की आधी मनात येतं, हा दातांचा. संपलं, तीनदा तीन तऱ्हा. आणि भोपळा... माणसाला काही तत्त्व असतं की नाही? समोर जे दिसतंय आणि मी भोपळा म्हणायचं? नाही. म्हणीन तर जेच म्हणीन. अजून महिना आहे.

म्हणून आता रविवारी व्याही माझा सराव घेतात. फोनवर. तिकडे ते नातीला मांडीवर घेऊन बसतात, इकडे मी खाटेवर ताठ. काल दोन तास चालला. मी म्हणतो, ते ऐकतात, म्हणतात, 'हा वेगळा आला.' परत म्हणतो. 'हाही वेगळा आला.' आवाज चढत नाही, घाई नाही, रागावणं नाही, तिकडे नात रडायला लागली तर तिला थोपटतात आणि मला म्हणतात, 'हं, पुढे.' शेवटी मीच टेकीला आलो. म्हटलं, 'व्याहीबुवा, नाही हो होत. घशात एक, जिभेवर एक, मी धरू कुणाला?'

पलीकडून नातीला थोपटल्याचा आवाज आला. मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, 'अहो व्याही, जे तो जे. त्यात काय एवढं?'

आणि तुम्हाला सांगतो... इतका स्वच्छ जे मी जन्मात ऐकला नव्हता.